शनी मेषेत नेला तेव्हा

"आधी नारळ," अण्णा म्हणाले.

"अण्णा, कॉम्प्युटरवर नारळ फोडत नाहीत."

"कॉम्प्युटरवर कोण फोडतंय? उंबऱ्यावर फोडायचा. मला काय अगदीच बावळट समजलीस?"

उंबऱ्यावर नारळ फुटला, पाणी माझ्या साडीवर उडालं, नव्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं आणि माझ्या नवऱ्याने, विद्याधरने, बटण दाबलं. पडदा निळा झाला, गोड सूर वाजला. अण्णांनी नकळत हात जोडले. मग मी मोठ्या तोऱ्यात 'ग्रहसोबती'ची सीडी आत सरकवली. कॉम्प्युटर गुरगुरला, थांबला, आणि पडद्यावर चौकट आली: हा प्रोग्राम या सिस्टीमवर चालत नाही.

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"म्हणतोय, चालत नाही."

"नारळ नासका निघाला का गं? खोबरं चाखून बघ बरं."

खोबरं उत्तम होतं. नासलं होतं ते माझं नशीब.

ही गोष्ट २०१० सालची. अण्णा म्हणजे माझे सासरे, दामोदर खासनीस, तासगावातले ज्योतिषी. चाळीस वर्षं पत्रिका करत होते. पहिली अठ्ठावीस हाताने, पुढची बारा या ग्रहसोबतीवर. सांगलीच्या कुणा घोरपडे नावाच्या इंजिनिअरने तो प्रोग्राम केला होता. जन्मतारीख, वेळ, गाव भरलं की पहिल्या पानावर कुंडली आणि दुसऱ्या पानावर ग्रहांच्या सध्याच्या राशी आणि चालू वर्षाचं भविष्य छापून यायचं. ऐन अक्षय्य तृतीयेला जुन्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला, म्हणून विद्याधरने हा नवा आणला. आत सिस्टीमही नवी कोरी, आणि ती या म्हाताऱ्या प्रोग्रामला ओळखसुद्धा दाखवेना.

माझं लग्न होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. सासूबाई जाऊन सहा वर्षं झालेली, मी त्यांना फोटोतच बघितलेलं. घरात आम्ही तिघंच. माझ्याकडे मोठेपणा म्हणून एकच होता, कॉम्प्युटरचा डिप्लोमा, आणि तो ट्रंकेत साड्यांखाली होता. अशात गावातल्या ऐनापुरे सरांनी निरोप पाठवला, आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला याल का, एक जूनला नवी बॅच आहे, शनिवारपर्यंत कळवा. मला जायचंच होतं. आठ महिन्यांत त्या घरात माझं मत फक्त पोह्यांत मीठ किती एवढ्यावर विचारलं गेलं होतं. जीव नुसता आंबून गेला होता माझा.

त्याच दिवशी, खोबऱ्याचा तुकडा चघळत असताना, मी अण्णांना विचारलं.

"मग सरांना काय कळवू?"

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "घरचा कॉम्प्युटर बंद, आणि तू गावाला शिकवणार? लोक म्हणतील, दिव्याखाली अंधार. आधी माझा प्रोग्राम चालवून दाखव. मग खुशाल जा, मी अडवणार नाही."

"नक्की?"

"खासनीसाचा शब्द आहे."

"पण अण्णा, नाहीच चालला तर..." विद्याधर मध्ये म्हणाला.

"तू गप रे," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

सोमवारी सकाळी पदर खोचून बसले. शोधता शोधता एक सोय सापडली. प्रोग्रामला आपण जुन्याच सिस्टीमवर आहोत असं भासवायचं. म्हणजे थाप मारायची, बाबा रे, तू आपल्या जुन्याच घरात आहेस, घाबरू नकोस. थाप त्याला पटली. पडद्यावर गणपती आला, खाली नऊ ग्रह आले, मी "आला, आला!" म्हणून ओरडले. अण्णा पूजा अर्धी टाकून धावत आले. तेवढ्यात 'तारीख अमान्य' अशी चौकट आली आणि गणपती नवग्रहांसकट गडप झाला.

असं वीस वेळा झालं. विसाव्या वेळेला मी त्या कॉम्प्युटरला मेल्या म्हटलं, मुडद्या म्हटलं, आणि आणखीही एक म्हटलं जे माझी आत्या म्हशीला म्हणायची. सुनेच्या तोंडात काय काय आहे ते अण्णांना त्या दिवशी कळलं. ते मुकाट्याने बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

सीडीच्या कव्हरवर घोरपड्यांचा नंबर होता. लावला.

"ग्रहसोबती?" पलीकडचा माणूस म्हणाला. "अरे देवा, तो अजून जिवंत आहे? ताई, मी ते सगळं सोडलं. आता सोलरचे बंब विकतो. तुमच्या गच्चीवर ऊन कसं येतं?"

"ऊन राहू द्या हो! तारीख अमान्य म्हणतोय, त्याचं काय करू?"

"नवी सिस्टीम आहे का? मग होणारच. ती तारीख वेगळ्या पद्धतीने सांगते, आमच्या प्रोग्रामला ती पचत नाही. दोन हजार सालाच्या आधीची तेवढी पचते. तुम्ही असं करा, कॉम्प्युटरचीच तारीख मागे घ्या. चालेल."

"आणि कुंडली चुकली तर?"

"छे हो. कुंडली जन्मावरून निघते, तिला आजच्या तारखेशी काय देणंघेणं? एकदम बरोबर येणार. बरं, बंब शंभर लिटरचा हवा की..."

मी फोन ठेवला. तिथेच चुकलं. त्या माणसाने पहिल्या पानाचं सांगितलं होतं. दुसऱ्या पानाचं मी विचारलंच नाही.

तारीख मागे घेतली ती बरोबर बारा वर्षं. एक तप. खोटंच करायचं तर निदान शास्त्राची थोडी लाज राखावी. कॉम्प्युटरवर १९९८ साल लागलं आणि ग्रहसोबती असा सुरू झाला की जणू कधी बंद नव्हताच. अण्णांनी मला पेढा भरवला. कपाटावर ठेवलेल्या सासूबाईंच्या फोटोकडे बघून म्हणाले, "हुशार आहे बरं का, पोरगी." मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मग नमुना म्हणून माझी स्वतःची पत्रिका छापली. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ठळक छापलं होतं, २४ मे १९९८. दुसऱ्या पानावर माझं चालू वर्षाचं भविष्य होतं: 'विद्याभ्यासात प्रगती. गोड खाण्यावर संयम ठेवावा. वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय विहिरीजवळ जाऊ नये.' प्रोग्रामच्या हिशेबाने मी तेरा वर्षांची होते.

आता आली का पंचाईत! मंगळवारपासून लोक येणार. तारीख पुढे घ्यावी तर प्रोग्राम बंद, आणि प्रोग्राम बंद म्हणजे पुन्हा पोह्यांतलं मीठ. विचार करता करता मला हळदकुंकू आठवलं. आमच्याकडे पत्रिका छापली की देण्याआधी तिच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावायची पद्धत. पूर्वी सासूबाई लावायच्या, त्यांच्या पितळी करंड्यातून. त्या गेल्यापासून अण्णाच लावायचे.

"अण्णा," मी म्हटलं, "सासूबाईंचं ते काम उद्यापासून मी करू का?"

अण्णांनी करंडा उचलून माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून उपरणं झटकत बसले. मला माझीच शरम वाटली. पण शनिवार जवळ येत होता.

मंगळवारी पहिले आले माळी टेलर, वय पंचेचाळीस. मी पत्रिका छापली, उजव्या कोपऱ्यावर कुंकवाचं भलंमोठं बोट उमटवलं आणि कागद अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी दुसरं पान डोळ्यांपुढे धरलं. बराच वेळ धरलं. मग मोठ्याने वाचायला लागले.

"भावाशी जागेवरून वाद संभवतो. डाव्या पायाला जपावे. जुने यंत्र जाऊन नवे येईल."

माळी टेलर आ वासून बघत राहिले. "आवं अण्णा, हे तर झालंय की! थोरल्यानं भिंत घातली न्हाई का मधनं? त्याच साली पाय मोडला, आन् पायाची मशीन इकून मोटरची घेतली. तुमाला कसं कळलं?"

मी मनात म्हटलं, आता संपलं सगळं!

"झालं ना?" अण्णा म्हणाले. "पाय बरा आहे आता?"

"तर! पळतोय की."

"आणि भाऊ?"

"आता एकाच ताटात जेवतो आमी."

"मग तेच," अण्णा म्हणाले. "निभावलं म्हणायचं." आणि कागदाची घडी घातली. माळी टेलर हसत हसत जे गेले ते बाजारपेठभर सांगत गेले.

बुधवारी बँकेतले करमरकर बायकोला घेऊन आले. वय तेहेतीस, म्हणजे प्रोग्रामच्या मते एकवीस. अण्णांनी वाचलं, "परीक्षेत काठावर यश. मित्रांची संगत तपासून बघावी. पोरींच्या मागे हिंडू नये."

"कोण पोरी?" करमरकरीणबाईंनी विचारलं.

"कुणी नाही गं!"

"अहो, छापून आलंय ना! कोण पोरी?"

"कॉलेजात होती एक, गोखल्यांची. पण तिने माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही, आईशप्पथ!"

"तिला अक्कल होती," बाई म्हणाल्या आणि पुढच्या क्षणाला स्वतःच खळखळून हसायला लागल्या. दोघं एकमेकांना कोपरं मारत ओटा उतरली.

गुरुवारी शिंदेकाकूंना 'थोरल्या कन्येचा विवाह ठरेल' असं आलं. "अगं बाई, पुन्हा? जावई तर चांगला आहे!" काकू किंचाळल्या. त्या मुलीचं लग्न बारा वर्षांपूर्वीच झालेलं. अण्णांनी त्यांना पाणी दिलं आणि त्या लग्नात काय काय गोंधळ झाला होता ते विचारलं. वरातीची जीप ओढ्यात कशी रुतली ते सांगताना काकूंच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

दरम्यान विद्याधरने त्याच कॉम्प्युटरवर रजेचा अर्ज टाइप केला. साहेबांनी तो परत पाठवला. अर्जावर आपोआप १९९८ सालची तारीख पडली होती, आणि विद्याधर नोकरीला लागला २००४ साली. "तुम्ही नोकरीच्या आधीच रजा घेता होय?" साहेबांनी विचारलं. बिचारा घरी येऊन मला म्हणाला, "रेवती, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी गडबड आहे."

"तुमच्या डोळ्यांत गडबड आहे," मी म्हटलं. काय करणार, चोराच्या उलट्या बोंबा.

शुक्रवारी ओट्यावर बसायला जागा उरली नाही. अण्णांचं आता एक अक्षर चुकत नाही, असं गावभर झालं. मी कुंकू थापत होते आणि मनात म्हणत होते, देवा, उद्याचा एक दिवस. उद्या दहाला ऐनापुरे सरांना फोन केला की मी सुटले. नंतर बघू काय ते.

शनिवारी साडेनऊला सुंदराबाई जमदाडे आल्या. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली बारा दिवसांची नात.

"अण्णा, पोरीचं जन्माक्षर काढून द्या. दुपारी बारसं हाय, पाव्हणे आल्यात."

मी बाळाकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे बघितलं. आतापर्यंत सगळी जाणती माणसं आली होती. हे प्रकरण बारा दिवसांचं होतं!

"भर गं," अण्णा म्हणाले.

भरली. दुसरं करणार काय? जन्मतारीख, वेळ, गाव. बटण दाबलं. ग्रहसोबतीने क्षणभर विचार केला आणि चौकट काढली.

"काय आलं?" अण्णांनी विचारलं.

"लाइट गेली."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. अण्णांनी एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उठले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पडद्याजवळ वाकून एकेक शब्द सुटा करत वाचलं, "या जातकाचा जन्म अद्याप झालेला नाही."

नेमक्या त्याच वेळी त्या जातकाने असा टाहो फोडला की ओट्यावरची माणसं आत डोकावली.

"काय?" सुंदराबाई ताडकन म्हणाल्या. "जन्म झाला न्हाई? मग तीन दिवस कळा काय त्या डबड्यानं दिल्या?"

मी जमीन दुभंगायची वाट बघत उभी राहिले. अण्णांनी मात्र कोनाड्यातलं पंचांग काढलं, पाटी घेतली आणि खडूने आकडे मांडायला बसले. मी तर आठ महिन्यांपूर्वी आलेली, पण विद्याधर नंतर म्हणाला, त्यानेही ती पाटी बारा वर्षांत हलताना बघितली नव्हती. पाच मिनिटांत अण्णांनी वर बघितलं.

"रोहिणी नक्षत्र. 'व'वरून नाव ठेवा. आणि ओरडू द्या तिला, घसा मोकळा आहे. यंत्राचं मनावर घेऊ नका, सुंदराबाई. ते नवीन आहे, त्याला अजून माणसं कळत नाहीत."

सुंदराबाई कॉम्प्युटरकडे डोळे वटारत गेल्या. अण्णांनी ओट्यावरच्या लोकांना अकरानंतर या म्हणून सांगितलं आणि दार लोटलं.

"अण्णा..." मी म्हटलं.

"शनी सध्या कुठल्या राशीत आहे?"

"मला नाही माहीत."

"कन्येत. आणि तुझ्या कागदावर?"

मी टेबलावरचा कागद बघितला. "मेषेत."

"मंगळवारपासून मेषेत आहे," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं मी त्याच्या मागावर आहे. तो एका दिवसात उठून मेषेत जाऊन बसला, आणि ते मला दिसणार नाही होय? वरून तुझं ते कुंकू! कोपऱ्याला टिकली लावायची असते, बाई. तू सारवत होतीस."

मला रडूच फुटलं. "मला नोकरी हवी होती हो अण्णा! नुसतं बसून बसून वेड लागायची पाळी आली होती. पण तुम्हाला मंगळवारीच कळलं, तर बोलला का नाहीत? मला हाकलायचं होतंत!"

"बोलणारच होतो. माळी जाऊ दे, मग हिची हजेरी घेतो, म्हटलं. पण माळी हसला." अण्णा खाली बसले. "या खोलीतून लोक चेहरा पाडूनच जातात गं. पुढचं सांगितलं की घाबरतात. चांगलं सांगितलं तरी घाबरतात, कधी होणार म्हणून. आणि या चार दिवसांत जो आला तो म्हणाला, हे झालं की, यातून तर निभावलो. कुणाला आठवणच नव्हती आपण एवढं निभावलंय त्याची. मलाही मजा वाटायला लागली. म्हटलं, चालू दे."

मी पदराने नाक पुसलं. "ऐनापुरे सरांना नाही म्हणून कळवते."

"का? अट काय होती?"

"प्रोग्राम चालला पाहिजे."

"मग चालला ना? मागे का होईना, चालला. खासनीसाचा शब्द आहे. आता लोकांना खरं काय ते मी सांगेन. कुंडली यंत्रावर काढू, आणि पुढचं बघायचं ते मी बघेन पाटीवर. बोटं गंजली होती, आज बरं वाटलं."

मी फोनकडे निघाले, तर अण्णांनी हाक मारली. आवाज जरा वेगळा होता.

"रेवती. त्याच्यात अजून अठ्ठ्याण्णवच साल आहे ना?"

"हो."

"मग माझी काढ."

"तुमची? कशाला? आता तर तुम्हाला सगळं..."

"काढ म्हणतो ना."

काढली. अण्णांनी पहिलं पान बाजूला ठेवलं, दुसरं खिडकीपाशी नेलं आणि मोठ्याने वाचलं, "पत्नीचा आग्रह मोडू नये. समुद्रकिनारी प्रवास. पादत्राणे सांभाळावीत."

एवढं वाचून थांबले. मला वाटलं, चष्म्यावर काही आलं असेल. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"गोकर्णाला गेलो होतो त्या साली. मी नको नको म्हणत होतो, हिचाच हट्ट. पाण्यात उभे राहिलो, तर लाट आली आणि माझी एक चप्पल घेऊन गेली. ही किनाऱ्यावर उभी राहून हसतेय, हसतेय! मला म्हणते, अहो, लोकांची भविष्यं सांगता, तुम्हाला एवढं कळलं नाही? परत येईपर्यंत सगळा प्रवास अनवाणी केला मी. आणि दर स्टँडवर ही नव्याने हसायला सुरुवात करायची."

"म्हणजे बरोबर आलं?"

"अक्षर न् अक्षर."

त्यांनी कागद टेबलावर पसरला, करंडा जवळ ओढला आणि कुंकवात बोट बुडवून उजव्या कोपऱ्यावर लावलं. एकदा नाही, तीनदा. सारवलंच म्हणा ना. खालची तारीख साफ दिसेनाशी झाली.

"हं," अण्णा म्हणाले. "आता हे याच वर्षाचं." कागदाची बारीक घडी करून त्यांनी ती बंडीच्या खिशात ठेवली, वरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून ओरडले, "अगं, उभी काय राहिलीस? फोन कर त्या ऐनापुऱ्याला, दहा वाजून गेले!"